हळदीच्या वाटेने

सांगली आणि ईरोड ही दोन नावे हळदीच्या व्यापाऱ्याच्या तोंडी एकापाठोपाठ येतात. सांगलीचे सौदे सुरू होण्यापूर्वी ईरोडचा भाव विचारायचा आणि ईरोडच्या चिठ्ठ्या उघडण्यापूर्वी तेथल्या व्यापाऱ्याने सांगलीला फोन लावायचा, हा परिपाठ आमच्या वडिलांच्या काळापासूनचा. दोन्ही गावांच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेही पाठोपाठच, सांगलीला २०१८ मध्ये आणि ईरोडला २०१९ मध्ये. परंतु गावाचा भाव माहीत असणे निराळे आणि गाव माहीत असणे निराळे. ज्या ईरोडचा भाव आम्ही तीस वर्षे रोज विचारत होतो, तेथे पाणी कसे आहे, लोक सकाळी काय खातात, जिनमंदिर कोठे आहे, हे २०११ साली तेथे बिऱ्हाड नेईपर्यंत आमच्या घरात कोणी विचारले नव्हते.

धंदा एकच असला तरी बाजाराची रीत वेगळी. सांगलीत सौदा उघड बोलीने होतो. अडत्याच्या दारात पोती फोडून ढीग मांडायचे, खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत जायचा, बोली मोठ्याने चढायची, आणि कोणाला मालाची किती गरज आहे हे सगळ्यांना दिसायचे. ईरोडमध्ये नमुन्याचे ढीग असतात. खरेदीदार हळकुंड मोडून पाहतो, नखाने रंग पाहतो, आणि एक शब्द न बोलता चिठ्ठीवर आकडा लिहून टाकतो. पहिले सहा महिने मला ती शांतता सोसवली नाही. जेथे बोली नाही अशा बाजारात मी, आणि जेथे आपली बोली नाही अशा गल्लीत घरातली माणसे, असे आमचे दिवस सुरू झाले.

जाण्याचे कारण साधे होते. थोरले बंधू सांगलीची पेढी पाहत. दक्षिणेतली खरेदी दलालांच्या भरवशावर ठेवण्यात दोन हंगाम मोठा तोटा झाला, तेव्हा घरातल्याच कोणीतरी तेथे जाऊन बसावे असे ठरले. मी, पत्नी, सात वर्षांची मुलगी, आणि आई. आई माझ्याजवळ राहत असे, म्हणून ती आली; तिला कोणी विचारले नाही, हे आज लिहिताना जाणवते. तिला आम्ही सारे ‘अक्का’ म्हणतो. आमच्या भागात घरोघरी एखादी अक्का असतेच. ईरोडला उतरल्यावर तिला पहिला आनंद झाला तो याच शब्दाचा. दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळे तिला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणू लागले. तमिळमध्ये त्याचा अर्थ थोरली बहीण, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. त्यानंतर मात्र बराच काळ तिला आनंद वाटावा असे फारसे काही घडले नाही.

आईचा एक नियम होता. सकाळी जिनदर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणीही घ्यायचे नाही. सांगलीत हा नियम पाळण्यासारखी सोपी गोष्ट नव्हती. घरापासून दुसऱ्या गल्लीत बस्ती, पहाटेचा अभिषेक, उपाध्ये ओळखीचे, गंधोदक कपाळाला लावून परत येईपर्यंत चहा उकळलेला. ईरोडमध्ये राजस्थानातून आलेल्या श्वेतांबर बंधूंची चांगली वस्ती आहे आणि त्यांचे सुंदर मंदिरही आहे. आम्ही आलो हे कळताच आठवड्याच्या आत तिघे-चौघे घरी आले, जय जिनेंद्र झाले, रात्रीचे जेवण नको म्हणून दुपारचे आमंत्रण देऊन गेले. परक्या गावात याहून काय हवे असते?

तरीही त्या पहिल्या भेटीत एक प्रश्न निघाला आणि तो पुढे अनेकदा निघाला. “आपण जैन, मग आडनाव पाटील कसे?” विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडे नव्हते. त्यांनी पाहिलेले जैन व्यापारी होते, मारवाडी किंवा गुजराती बोलणारे होते. सांगली-कोल्हापूरकडे जैन पाटील आहेत, चौगुले आहेत, मगदूम आहेत, त्यांच्या शेतात ऊस आणि हळद उभी असते आणि त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या मराठीखेरीज दुसरी भाषा नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी समजावून सांगत असे. सांगताना आपण आपले जैनत्व सिद्ध करीत आहोत असे वाटे आणि मन उगाच खट्टू होई.

आईचा प्रश्न याहून अवघड होता. मंदिरात पहिल्या दिवशी ती गेली ती दारातूनच परतली. अलंकार ल्यालेली, डोळे लावलेली मूर्ती तिने पूर्वी कधी पाहिली नव्हती असे नाही. यात्रेत पाहिली होती. पण यात्रेत पाहणे आणि रोज तेथे नियम पुरा करणे यांत तिला अंतर वाटले. तिने कोणाला काही म्हटले नाही. देव्हाऱ्यात सांगलीहून आणलेली वीतभर पितळी मूर्ती होती, तिच्यापुढे बसून ती नियम पुरा करू लागली. पर्युषणाचे आठ दिवस त्यांचे, संवत्सरी झाली की आमच्या दशलक्षणाचे दहा दिवस सुरू. त्यांच्याकडे पारणी चाललेली असताना आमच्या घरी उपवास. एका गावात, एकाच धर्माच्या घरांत, आमचा सण एकट्याचा झाला. बायका स्वाध्यायाला बोलवायच्या. आई जायची, मागे बसायची, हिंदी अर्धी कळायची. गाभाऱ्यासमोर मात्र ती गेली नाही.

दोन वर्षांत ती वाळली. आजार म्हणावा असा नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासले, सगळे ठीक निघाले. एके रात्री ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, “माझं शेवटचं इथं होऊ देऊ नका. णमोकार कानात सांगायला आपलं माणूस पाहिजे.” बंधूंना फोन केला. दिवाळीनंतर आईला परत न्यायचे ठरले, आणि पत्नीच्या मनातले मला दिसत होते की आईबरोबर सगळ्यांनीच परतावे. पेढी बंद करायची म्हणजे दोन वर्षांची उधारी, गोदामाची अनामत, जमवलेली माणसे, सगळे सोडायचे. मी हिशेब मांडून बसलो होतो.

त्या दिवसांत मुलीच्या तमिळच्या पुस्तकात कण्णगीची गोष्ट आली. मुलगी दोन वर्षांत तमिळ अशी बोलू लागली होती की घरात तीच आमची दुभाषी. शिलप्पदिकारम् हे तमिळचे प्राचीन महाकाव्य. त्याचा कर्ता इळंगो अडिगळ हा जैन मुनी होता अशी परंपरा आहे. गोष्ट एका व्यापारी कुटुंबाची आहे. पुहार हे कावेरीच्या मुखाशी वसलेले मोठे बंदर. तेथला श्रीमंत वणिकपुत्र कोवलन सारे धन घालवून बसतो, आणि पत्नी कण्णगीला घेऊन, तिच्या पायातले पैंजण विकून नव्याने धंदा उभारावा या आशेने, मदुरेकडे पायी निघतो. मुलगी हे आजीला मराठीत सांगत होती. “आणि त्यांच्याबरोबर एक समण संन्यासिनी होती, कवुंदी नावाची.” आईने माळ थांबवली. “समण म्हणजे?” मुलीला नीट सांगता येईना. पुस्तकातली ओळ तिने पुन्हा वाचली आणि म्हणाली, “आपल्यासारखी, आजी. चालताना किडामुंगी मरू नये म्हणून सांभाळून पाय टाका, असं ती त्यांना सांगते.”

ज्या नदीकाठाने ती तिघे मदुरेकडे निघाली, तीच कावेरी आमच्या ईरोडवरून वाहते. गाव सोडून दुसऱ्या गावी पोट भरायला निघालेले व्यापारी जोडपे आणि वाटेत सोबतीला एक आर्यिका, हे आईच्या मनाने असे काही धरले की त्या आठवड्यात तिने ती गोष्ट चार वेळा ऐकली. वाटेत थट्टा करणाऱ्या दोघांना कवुंदी शापाने कोल्हे करून टाकते, एवढे मात्र तिला पटले नाही. आर्यिकेने शाप देणे शोभत नाही, हे तिचे मत आजही कायम आहे. पुढे मदुरेच्या वेशीवर कवुंदी कण्णगीला एका गवळणीच्या घरी सोपवते. परक्या गावात आधी एखाद्या घराचा आधार मिळवून द्यायचा, मग पुढे जायचे, हे तिला फार आवडले. कोवलनचा खोट्या आळाने वध झाल्याचे ऐकून कवुंदीने अन्नत्याग करून देह ठेवला, हे मुलीने सांगितले तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही.

गोष्टीविषयी अधिक विचारायला मुलगी शाळेतल्या तमिळच्या मास्तरांकडे गेली आणि बोलता बोलता म्हणाली, माझी आजी समण आहे. मास्तर त्याच रविवारी घरी आले. पन्नाशीचे, कपाळावर चंदन, हातात चिकूची पिशवी. ते वंदवासीजवळच्या एका खेड्यातले तमिळ जैन निघाले. आम्ही त्यांच्याकडे आणि ते आमच्याकडे पाहत राहिलो. ते म्हणाले, “महाराष्ट्रातले जैन म्हणजे सेट, कापडवाले किंवा सावकार, असे आम्ही समजत होतो. तुमच्याकडे शेती आहे?” मी हसलो. दोन वर्षे ज्या प्रश्नाने मी खट्टू होत होतो, तोच प्रश्न माझ्याही मनात त्यांच्याविषयी उभा होता. तमिळ बोलणारा, भात पिकवणारा, घरात तमिळखेरीज दुसरी भाषा नसलेला जैन मीही कधी पाहिला नव्हता.

निघताना मास्तरांनी आईला विचारले, इथले मंदिर पाहिले का? आई संकोचली. ते म्हणाले, “गावातले नव्हे. विजयमंगलम.”

ईरोडहून कोइम्बतूरकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीने विजयमंगलमला जाता येते. वाटेत पेरुंदुरै लागते, जेथे आम्ही आठवड्यातून दोनदा हळद पाहायला जातो. म्हणजे ज्या मंदिराची आईला गरज होती त्याच्या अलीकडे काही मैलांपर्यंत मी दोन वर्षे जात-येत होतो. गावाबाहेर दगडी बांधणीचे जुने चंद्रप्रभ जिनालय आहे. त्या भागाला बस्तीपुरम म्हणतात असे मास्तरांनी सांगितले आणि आई तेथेच थबकली, कारण मंदिराला बस्ती म्हणणारी माणसे तिच्या समजुतीने सांगली-कोल्हापूर-बेळगावपलीकडे नव्हती. गर्दी नाही, दुकाने नाहीत. नारळी, उन्हाने तापलेला दगड, आत शिरताच अंगाला लागणारा गारवा. दिवा लावणाऱ्या माणसाने दार उघडले. आईने दिगंबर मूर्ती पाहिली, आणि ज्या सहजतेने ती सांगलीच्या बस्तीत बसे त्याच सहजतेने खाली बसली.

मास्तर बाहेर आम्हांला एक गोष्ट सांगत होते. मंदिरातल्या एका स्तंभावर पुळियप्पै नावाच्या स्त्रीच्या सल्लेखनेचा उल्लेख आहे, आणि ती चामुंडरायाची धाकटी बहीण असे मानले जाते. चामुंडराय म्हणजे ज्याने श्रवणबेळगोळच्या डोंगरावर गोमटेश्वर उभा केला तो गंगांचा मंत्री. १९८१ च्या सहस्राब्दी महामस्तकाभिषेकाला आई तेथे गेली होती. बाहुबलीच्या पायाशी मराठीत लेख आहे आणि तो मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी आहे, हे आमच्याकडे शाळेत जाणारे मूलही जाणते. आई ते अभिमानाने सांगते. मास्तरांनी तिला विचारले, “आणि तमिळ?” त्याच पायाशी, तोच आशय सांगणारे लेख कन्नडमध्ये आहेत आणि तमिळमध्येही आहेत. ज्याने मूर्ती घडवली त्याने आपले काम तीन भाषांत नोंदवून ठेवले. आम्ही आपली ओळ तेवढी पाहून आलो होतो.

आईने आत जाऊन तो स्तंभ पाहिला. अक्षरे तिला वाचता येणार नव्हती, आम्हालाही नाही. तिने त्यावरून हात फिरवला. “ही बाईसुद्धा परगावी येऊन इथेच राहिली,” एवढेच म्हणाली. पुळियप्पै येथे कशी आली, का आली, कोणास ठाऊक. पण परतीच्या गाडीत आईने दोन वर्षांत पहिल्यांदा मला विचारले की हळदीचा भाव काय चालला आहे.

दिवाळीनंतर तिला सांगलीला सोडायला जाण्याऐवजी आम्ही मास्तरांच्या गावी गेलो. रात्रीच्या गाडीने काटपाडी, तेथून मोटारीने आरणीच्या बाजूला. त्या पट्ट्यात, आरणी, वंदवासी, जिंजी, तिंडिवनम या तालुक्यांमधल्या कित्येक खेड्यांत तमिळ जैन राहतात, त्यांना नैनार म्हणतात. खेड्यात जैनांची गल्ली, गल्लीच्या टोकाला गोपुर असलेले जिनालय. पहिल्यांदा पाहणारा त्याला शिवमंदिरच समजेल. आमचा मुक्काम ज्या घरी होता तेथे माजघरात भाताची पोती रचलेली, अंगणात रांगोळी, पाण्याच्या घागरीच्या तोंडाला गाळायचे पांढरे फडके बांधलेले. ते फडके पाहून पत्नी मला कोपराने ढोसून म्हणाली, “बघा.” सूर्य मावळायच्या आत पाने वाढली गेली. कांदा-लसूण नाही हे सांगावे लागले नाही. बाहेरगावी गेल्यावर ज्या चार गोष्टी सांगताना आपण संकोचतो, त्या तेथे कोणी विचारल्याही नाहीत.

तिरुमलैचा डोंगर तेथून फार दूर नाही. खाली कुंदवै जिनालय आहे; राजराज चोळाची थोरली बहीण कुंदवै हिचे नाव त्याला आहे. वर खडकात कोरलेली सोळा फुटांची नेमिनाथांची उभी मूर्ती, आणि गुहेत जुन्या भित्तिचित्रांचे उरलेले रंग. पायऱ्या चढताना आई तीनदा बसली. पोन्नूरच्या डोंगरावर आचार्य कुंदकुंदांच्या पादुका आहेत. समयसार ज्यांच्या घरात रोज वाचला जातो अशा किती कुटुंबांना पोन्नूरचे नाव ठाऊक असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. मला तरी नव्हते. तिरुक्कुरळ हा ग्रंथही कुंदकुंदांचाच असे तमिळ जैन मानतात, इतर तमिळ लोक ते मान्य करीत नाहीत, आणि या वादावर मास्तर तासभर बोलू शकतात.

मेल सित्तामूरला तमिळ जैनांचा मठ आहे. तेथे आईला जे कळले त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर हसू आले. मठाचे भट्टारक कोण, असे तिने विचारले, तेव्हा उत्तर आले, “स्वस्तिश्री लक्ष्मीसेन.” आमच्या कोल्हापूरच्या मठाधीशांचीही परंपरेने चालत आलेली हीच उपाधी. लहानपणापासून वडीलधाऱ्यांच्या तोंडी ऐकलेल्या त्या मठाच्या बिरुदावलीत दिल्ली, करवीर, जिनकांची, पेनुगोंडा अशी चार स्थाने येतात. आई ती शुभंकरोतीसारखी म्हणत असे, पण जिनकांची म्हणजे हे, आपण आत्ता उभे आहोत ते, हे तिला त्या दिवशी समजले. तिने वाकून उंबऱ्याला हात लावला.

या सगळ्याहून मला आठवते ती मास्तरांच्या गावातली सकाळ. जिनालयात अभिषेक होता. दूध झाले, नारळपाणी झाले, उसाचा रस झाला, आणि मग हळद. पिवळी धार मूर्तीच्या खांद्यांवरून उतरू लागली तशी आई पुढे सरकली. हळदीचा अभिषेक उत्तरेकडच्या बंधूंना नवल वाटतो. आमच्याकडे दक्षिण महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि तेथे तो नेहमीचा. तिच्या शेजारी मास्तरांची आई बसली होती, हिच्याच वयाची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. णमोकार सुरू झाला. उच्चार तमिळ वळणाचे, काही अक्षरे आमच्या कानाला निराळी वाटणारी, पण पाचही पदे तीच आणि त्याच क्रमाने. आई त्यांच्या लयीत म्हणू लागली. शेवटी ती म्हातारी तिच्याकडे वळून म्हणाली, “अक्का,” आणि मग तमिळमध्ये बरेच काही. मुलगी जवळ नव्हती, कोणी भाषांतर केले नाही. आई मराठीत उत्तर देत राहिली. दोघींचे तासभर चालले होते.

आई सांगलीला परत गेली नाही. मीही पेढी बंद केली नाही. असे लिहिले की सगळे एका यात्रेने सुटले असे वाटेल, पण तसे नव्हते. मास्तरांचे गाव एका रात्रीच्या प्रवासावर. वर्षातून एकदा, फार तर दोनदा जाणे होई. विजयमंगलमला महिन्यातून एकदा. बाकीचे दिवस तीच गल्ली आणि देव्हाऱ्यातली तीच मूर्ती. फरक इतकाच की दशलक्षणात एक दिवस मास्तरांचे कुटुंब आमच्याकडे येऊ लागले आणि सण एकट्याचा राहिला नाही. गावातल्या श्वेतांबर मंदिराशी आईचे अंतर मात्र तसेच होते. मीही त्या बाबतीत काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. बंधूंचा फोन आला तेव्हा ते शेजाऱ्यांच्या गच्चीवर होते. खालचा मजला, देवघर, आईची पेटी, सगळे पाण्याखाली. हळदीचे काय झाले हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांमध्ये पाणी शिरून जमिनीतली हळद कुजल्याचा वास आमच्या घराने महिनाभर सोसला होता. आई ईरोडच्या खोलीत बसून सारखी विचारत होती, बस्तीत पाणी शिरले का? आठ वर्षे जे घर ती मनात धरून बसली होती, ते घर तेव्हा कोणालाच दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गल्लीतल्या श्वेतांबर बायका उभ्या होत्या. त्यांच्यापैकी कोणीही सांगली पाहिलेली नव्हती. “आपल्या सांगलीत पाणी शिरलं ना?” एक म्हणाली. ‘आपल्या’ हा शब्द मी नीट ऐकला. चार दिवसांत चादरी, भांडी, डाळ-तांदूळ, औषधे जमली. कापडाच्या व्यापाऱ्यांनी नवे तागे दिले आणि हळद घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत जागा करून सारे रवाना झाले. मंडईतले तमिळ अडते, ज्यांच्याशी आठ वर्षांत माझे बोलणे चिठ्ठीवरच्या आकड्यांपुरते होते, त्यांतल्या तिघांनी पाकिटे आणून दिली आणि पावती नको म्हणाले. ‘पाटील जैन कसे’ हा प्रश्न त्यानंतर मला कोणी विचारला नाही. कदाचित विचारलाही असेल, माझ्या लक्षात राहिला नाही.

पुराला महिनाही झाला नव्हता तोच संवत्सरी आली. सकाळी आईने धूतवस्त्र नेसले आणि मला म्हणाली, “मंदिरात चल.” प्रतिक्रमणानंतर सगळे एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणत होते. आई त्या बायकांमध्ये सगळ्यांत वडील असलेल्या बाईंसमोर उभी राहिली. मोडक्या हिंदीत म्हणाली, आठ वर्षे मी या दारात आले आणि आत आले नाही. मनात भेद ठेवला, क्षमा करा. त्या बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. “अक्का, आम्हीही कधी विचारलं नाही की तुम्ही दारातच का थांबता. चूक आमचीही.” मग दोघी आत गेल्या. आईने काय पाहिले, काय मनात आले, हे मी विचारलेले नाही. दुसऱ्या दिवशी आमचे दशलक्षण सुरू झाले तेव्हा उत्तमक्षमेच्या पूजेला त्यांच्यातल्या पाच-सहा जणी आमच्या घरी आल्या, आणि माजघरात बसायला जागा पुरली नाही.

आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळे तिरुमलैच्या डोंगराला खालूनच नमस्कार करते. मास्तर निवृत्त होऊन गावी गेले आहेत आणि त्यांच्या आईची प्रकृती बरी नाही, म्हणून यंदा आम्ही हंगाम संपायच्या आत जाऊन आलो. अभिषेक झाला. हळदीची धार चालू असताना दोन्ही म्हाताऱ्या नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आईने मला खुणेने जवळ बोलावले. मला वाटले पाणी हवे असेल.

“ही हळद कुठली रे?”

ईरोडचीच असणार, मी म्हटले.

“पुढच्या वेळी येताना दोन किलो राजापुरी सांगलीहून मागव. दळून नको, हळकुंडं आण, मी समोर दळून घेईन. ही रंगाला फिकी पडते.”

ईरोडच्या मंडईत हे वाक्य मोठ्याने उच्चारण्याची माझी छाती नाही. मी बंधूंना तेथूनच फोन लावला.